आज नाही, पण विचारत जा

«मावशी, मी ३८ वर्षांची. चार वर्षांपूर्वी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, म्हणजे एका प्रकारच्या संधिवाताचं, निदान झालं. सकाळी दोन तास बोटं मिटत नाहीत, बटणं नवरा लावून देतो. नोकरी सोडली. जरा बरं वाटलं की साठलेलं सगळं उरकते. परवा अख्खं कपाट लावलं आणि तीन दिवस अंथरुणात काढले. लोक म्हणतात, दिसतेस तर छान. गेल्या आठवड्यात माझी नऊ वर्षांची मुलगी खेळायला निघाली आणि पहिल्यांदाच ‘आई, येतेस?’ असं न विचारता गेली. घराला ओझं झालेय मी. आशा धरायची तर कशाची? माफ कर, हे पत्रही चार-चार ओळी करत तीन दिवसांत लिहिलंय.»

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या न विचारलेल्या प्रश्नापाशी थांबले.

मला विचारशील तर ती तुला विसरलेली नाही. तुला ‘नाही’ म्हणायला लागू नये म्हणून तिनं प्रश्न गिळला असावा. घरात आजारपण मुक्कामाला आलं की मुलं नको इतकी समजूतदार होतात, आणि आपल्याला वाटतं ती दुरावली. आज रात्री तिला जवळ घेऊन सांग, ‘तू विचारत जा. कधी येईन, कधी आज नाही म्हणेन, पण विचारायचं सोडू नकोस.’ आणि येणं म्हणजे काही पळणंच नव्हे. खुर्ची टाकून बसलीस, कोण आउट झालं यावर भांडलीस, तरी तू आलीसच की.

आता आशेचं. ती तू एकाच खुंटीला टांगून ठेवलीयस, ‘पूर्वीसारखी कधी होणार?’ रोज सकाळी बोटं मिटेनात की त्या प्रश्नाचं उत्तर ‘आज नाही’ असंच येणार. रोज उठून नापास व्हायचं, तर माणूस खचेल नाही तर काय!

म्हणून आधी एक रोकडं काम सांगते. चार वर्षं औषध घेऊनही सकाळचे दोन तास आखडण्यात जात असतील, तर आजार अजून धुमसतोय अशी शंका घ्यायला जागा आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उठते. तिला आवरणारी औषधं एकापेक्षा जास्त आहेत. मेथोट्रेक्झेट आहे, ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. १९९८ पासून बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींत तयार केलेली, औषधंही आली. एक लागू पडलं नाही तर दुसरं देऊन बघतात. मात्र गुण यायला सहा ते बारा आठवडे लागू शकतात, तेवढा दम धरावा लागतो. संधिवाततज्ज्ञांना सरळ विचार, ‘आजार आटोक्यात आहे का? नसेल तर औषध बदलायचं का?’ मनानं मात्र काही सोडू नकोस. आणि थकवाही सांग. तो आळस नाही, आजाराचाच भाग आहे. ‘दिसतेस तर छान’वाल्यांना हे पटवत बसू नकोस, तेवढ्या शक्तीत तुझी अंघोळ होईल.

कपाटाबद्दल मात्र तुला रागावणार आहे. माझ्या थोरल्या बहिणीला हाच आजार होता. ती घड्याळाचा गजर लावून कपड्यांच्या घड्या घालायची. गजर वाजला की हातातला सदरा अर्धा दुमडलेला तसाच ठेवून उठायची, अगदी बरं वाटत असलं तरी. मला चीड यायची, ‘अगं दोनच राहिलेत, उरक की!’ ती म्हणायची, ‘ते दोन मला उद्या महागात पडतात.’ मला हे कळायला कितीतरी वर्षं लागली. दुखायला लागल्यावर सगळेच थांबतात. तिनं बरं वाटत असताना थांबायची सवय लावून घेतली होती.

तुला कुणीतरी रेन्वार या फ्रेंच चित्रकाराची गोष्ट ऐकवेलच. त्याला हा आजार १८९२च्या सुमारास जडला, आणि १९१९ मध्ये मरेपर्यंत तो रंगवत राहिला. लोक ती गोष्ट ‘बघ, मनात आणलं तर काय होत नाही’ म्हणून सांगतात. मला त्यातलं वेगळंच आवडतं. ब्रश हाताला बांधून रंगवायचा, असं म्हणतात ते खरं नाही. पट्ट्या असायच्या त्या कातडी सोलवटू नये म्हणून. ब्रश त्याच्या वाकड्या बोटांत दुसरं कुणीतरी ठेवून द्यायचं. तुझा नवरा बटणं लावतो, म्हणून स्वतःला ओझं म्हणायच्या आधी हे आठव. आणि त्याला एकदा विचारून तरी बघ, त्याला काय वाटतं ते. तुझ्या पत्रात त्याचं एकही वाक्य नाही.

‘ओझं’ हा शब्द मला सोडवत नाही. रडू येतं, पूर्वीच्या स्वतःची आठवण येते, ते येऊ दे. माणूस गेल्यावर सुतक पाळतो, मग गेलेल्या ताकदीचं दुःख का नाही करायचं? पण ‘मी नसलेलीच बरी’ असं मनात येत असेल तर आजच नवऱ्याला सांग आणि डॉक्टरांना फोन कर, पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नकोस. या आजारासोबत नैराश्य पुष्कळदा येतं, आणि त्यावर उपचार आहेत.

राहता राहिली पत्राची माफी. ती कशाला मागितलीस? चार ओळी लिहिल्यास, थांबलीस, दुसऱ्या दिवशी पुन्हा चार लिहिल्यास, आणि माझ्या हातात आलं ते पत्र पुरं होतं. कपाटही तसंच लाव. आज एक कप्पा. वरचा नको, हात उचलावा लागेल.

तुझी,
मावशी