व्हीएममध्ये गेम उघडत नाही? आधी हे पाहा

भाऊ, व्हीएममध्ये (म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं चालवलेला दुसरा कॉम्प्युटर) व्हॅलोरंट उघडत नाही म्हणून तू ग्राफिक्सच्या सेटिंग बदलून राहिलास, पण घोडं तिथं अडलंच नाही. व्हॅलोरंट या ऑनलाइन गेमचं व्हँगार्ड, म्हणजे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर (अँटी-चीट), विंडोजच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) बसतं अन् व्हीएम दिसली की गेम चालू देत नाही. त्यावर रात्री घालवू नको.

- आधी गेमची अँटी-चीट कोणती ते पाहा. इझी अँटी-चीट नावाची एक आहे, तिच्यात व्हीएम चालू द्यायची का, हे गेम बनवणारे ठरवतात.
- व्हीएम लपवायच्या यूट्यूबवरच्या युक्त्या नकोच. अकाउंट बॅन होऊ शकतं, विकतच्या स्किनसकट (हत्यारांची सजावट).
- व्हॅलोरंटच पाहिजे तर ड्युअल बूट कर, म्हणजे विंडोज वेगळी टाकायची अन् कॉम्प्युटर चालू करताना कोणती सिस्टीम ते निवडायचं. विंडोज ११ असेल तर टीपीएम २.० अन् सिक्युअर बूट (कॉम्प्युटरातल्या सुरक्षेच्या सोयी) चालू लागतं. पार्टिशनला (डिस्कच्या भागांना) हात लावण्याआधी बॅकअप घे; आपल्याकडची लाइन माहीत आहे ना, इन्व्हर्टर चार्ज असू दे!

एकट्यानं खेळायचे ऑफलाइन गेम व्हीएममध्ये बहुतेक चालतात. पासथ्रूचं, म्हणजे ग्राफिक्स कार्ड थेट व्हीएमला द्यायचं, ते कापूस निघाल्यावर बोलू.