सुट्या पैशांतली चुकलेली नाणी

प्रश्न : एका नाण्यावर सालाचे आकडे दुहेरी दिसतात. ते दुर्मीळ आहे का?

उत्तर : दहापट भिंग घ्या आणि उजेड एका बाजूने पडू द्या. दुसरी आकृती पायरीसारखी सपाट, खालच्या पातळीवर असेल आणि मूळ आकडा तेवढाच बारीक झाला असेल, तर नाणं ठोकताना सैल ठसा (नाण्यावर आकृती उमटवणारा धातूचा ठोकळा) किंचित सरकला, एवढंच. अशी नाणी ढिगाने निघतात, त्यांना जादा मोल नाही.

खरी दुहेरी चूक ठसा घडवतानाच होते. मूळ साच्याचा दाब ठशावर एकाहून जास्त वेळा द्यायचा असेल आणि पुढचा दाब जरा वेगळ्या कोनात बसला, की अक्षरं ठशातच दुहेरी कोरली जातात. मग त्या ठशाचं प्रत्येक नाणं तसंच निघतं. इथे दोन्ही आकृत्या गोलसर आणि जवळपास सारख्या उंचीच्या असतात. अक्षर रुंद होतं, त्याच्या टोकांना खाच पडते. ती खाच शोधा. अमेरिकेच्या १९५५च्या एक सेंटच्या प्रसिद्ध नाण्यावर हे भिंगाशिवायही दिसतं. झिजलेल्या ठशामुळेही अक्षरांभोवती सावली येते, पण ती पुसट, फुगीर असते, खाच नसते.

प्रश्न : नाण्याच्या कडेचा तुकडाच नाही. कुणी कापला असेल का?

उत्तर : तुटीच्या बरोबर समोरची कड बघा. पत्र्यातून चकत्या पाडताना पत्रा पुरेसा पुढे सरकला नाही, तर चकती कापणारा पंच आधीच्या भोकावर अर्धवट पडतो आणि चकतीला कमानदार तूट येते. पुढे कड उभारणाऱ्या यंत्रात त्या जागी दाब मिळत नाही, म्हणून बहुतेकदा समोरची कडही नीट उठत नाही. तुटीजवळची अक्षरंही तिकडे ओढल्यासारखी पातळ होतात. समोरची कड ठसठशीत आणि तुटीवर कानशीचे ओरखडे असतील, तर ते टाकसाळीबाहेरचं काम आहे.

प्रश्न : ढीग मोठा आहे. झटपट काय तपासावं?

उत्तर : दोन्ही बाजूंचा मेळ. आपल्या नाण्याची पद्धत आधी माहीत करून घ्या. युरो आणि ब्रिटिश नाणी उभ्या अक्षाभोवती फिरवली की मागची बाजू सुलट दिसते, अमेरिकन नाणी आडव्या अक्षाभोवती. चार-पाच अंशांचा फरक सोडून द्या; पंधराच्या पुढे गेलं, की वेगळं ठेवा.

मग साल. ब्रिटनच्या २० पेन्सवरचं साल २००८मध्ये मागून पुढच्या बाजूला नेलं. तेव्हा काही नाण्यांवर जुनी पुढची आणि नवी मागची बाजू उमटली आणि सालच राहिलं नाही. रंग वेगळा वाटला, तर लोहचुंबक लावा आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजन करा. अमेरिकेचं १९४३चं तांब्यासारखं दिसणारं एक सेंटचं नाणं चुंबकाला चिकटलं, तर ते वरून तांबं चढवलेलं नेहमीचं पोलादी नाणं असतं. अस्सल ब्राँझचं सुमारे ३.११ ग्रॅम भरतं.

प्रश्न : सापडलेलं नाणं चकचकीत करावं का?

उत्तर : अजिबात नाही. घासलेल्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग परत येत नाही आणि किंमत पडते. कडेला धरा, पीव्हीसी नसलेल्या पाकिटात ठेवा.