श्वासाकडे बघा म्हटलं आणि पेशंट घाबरला

पत्र: मी ३६ वर्षांची फिजिशियन. दोन वर्षांपूर्वी दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं, तेव्हापासून रोज बसते. हळूहळू ओपीडीत पेशंटनाही शिकवू लागले. गेल्या महिन्यात धडधडतंय म्हणून एक तरुण आला. ईसीजी नॉर्मल होता. त्याला डोळे मिटून श्वास बघायला सांगितलं, तर तीन मिनिटांत बोटांना मुंग्या, ओठ बधिर, "मी मरतोय" म्हणून रडायलाच लागला. त्याच आठवड्यात कळलं की एका काकूंनी ध्यानाने बरं वाटतंय म्हणून बीपीच्या गोळ्या परस्पर बंद केल्या आहेत. सहकारी मला 'भंतेजी' म्हणून चिडवतात. थांबवू का हे सगळं?
– दोन डगरींवर पाय

डॉक्टर, थांबवू नका. पण गोळी लिहिताना जे बघता ते सगळं ध्यान सांगतानाही बघा: कोणाला, किती, कोणाला मुळीच नाही. त्या दिवशी तेवढंच राहून गेलं.

आधी तो तरुण. घाबरण्याचे झटके येणारा माणूस स्वतःच्या शरीरावर सतत पहारा ठेवून असतो. त्याला श्वास बघ म्हटलं की तो बघत नाही, ओढायला लागतो. मोठेमोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यातून मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, गरगरतं. त्यामुळे त्याची भीती आणखी वाढते आणि श्वास आणखी जोरात चालतो. त्यात डोळे मिटलेले, म्हणजे बाहेरचा आधारही गेला. चूक ध्यानाची नाही, आलंबन, म्हणजे लक्ष कशावर ठेवायचं ते, निवडण्यात झाली. बुद्धघोषांच्या विशुद्धिमग्ग या जुन्या पाली ग्रंथात चाळीस कम्मट्ठानं, म्हणजे ध्यानाचे विषय, आहेत आणि कोणत्या स्वभावाला कोणतं द्यावं तेही सांगितलंय. पेशंट बघून औषध देणं तुम्हाला काही नवीन नाही.

अशा माणसाला डोळे उघडे ठेवू द्या, नजर दोन हातांच्या अंतरावर जमिनीकडे. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. लक्ष तळपायांवर: टाच कुठे दाबली जाते, चवडा कुठे, बोटं कुठे. मग खोलीतले तीन आवाज ओळखायचे. एकूण दोन मिनिटं, आणि नको वाटलं तर लगेच थांबायचं हे सुरू करण्याआधीच सांगायचं. जुना मानसिक आघात असलेल्यांना आणि दम्यामुळे श्वासाचीच धास्ती बसलेल्यांनाही हाच मार्ग बरा. भास, मॅनिया (उन्माद) किंवा आत्महत्येचे विचार चालू असतील तर ध्यान बाजूला, आधी मानसोपचारतज्ज्ञ. आणि "तुम्हीही एकदा शिबिर करून या" हे ओपीडीत तोंडी सांगून टाकायचं नसतं. दहा दिवसांचं मौन आणि दिवसाला दहाएक तासांची बैठक हा फार मोठा डोस आहे.

काकूंना आजच फोन करा. गोळ्यांत बीटा-ब्लॉकर किंवा क्लोनिडीन असेल तर ते एकदम तोडल्यावर बीपी उसळतं, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांना कोणी सांगितलेलं नाही. वाढलेलं बीपी बहुतेक वेळा जाणवतच नाही, म्हणून 'बरं वाटतंय' याला पुरावा म्हणून काही किंमत नाही. ध्यानाने आकडा खरंच उतरला तर तो मोजून गोळी तुम्ही कमी कराल. मोजताना एक गोम आहे. बीपी घेण्याआधी पाच मिनिटं शांत बसवायचंच असतं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. त्या पाच मिनिटांत संथ श्वास घ्यायला लावलात तर आकडा तात्पुरता खाली येईल आणि तुम्हीच फसाल. आधी मोजा, मग काय शिकवायचं ते शिकवा.

काकू श्रद्धाळू असतील तर औषधशास्त्रापेक्षा विनयपिटक, म्हणजे भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ, जास्त उपयोगी पडेल. त्यातल्या महावग्गात शुश्रूषेला अवघड अशा रुग्णाची पाच लक्षणं दिली आहेत. औषध न घेणं त्यात आहे, आणि आजार वाढतोय की उतरतोय हे शुश्रूषा करणाऱ्याला खरं न सांगणं हेही आहे. गोळी टाकून ध्यानाला बसणं बुद्धाच्या शिकवणीत बसत नाही, हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या.

ओपीडीतल्या दोन मिनिटांकडून फार अपेक्षा मात्र ठेवू नका. १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांच्या पेशंटसाठी ध्यानाचा जो कार्यक्रम सुरू केला, त्याचं आजचं रूप आठ आठवड्यांचं आहे: दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, घरी रोज ४५ मिनिटं आणि मध्ये एक पूर्ण दिवस. नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून जी उपचारपद्धत निघाली तीही आठच आठवड्यांची. तुमच्या खोलीत मिळते ती फक्त चव. ज्याला लागू आहे त्याला नीट शिकवणाऱ्याकडे पाठवा. नवीन दुखणं असेल तर आधी तपासा, दुखणं हा पहिला बाण आणि त्यावरची मनाची तडफड हा दुसरा, ही बुद्धाची उपमा नंतर. आणि हे कुठून आलं असं कोणी विचारलं तर बौद्ध परंपरेतून, असं सरळ सांगा. नको म्हणाला तर विषय संपला.

चिडवणारे चिडवतील. तुमची स्वतःची साधना मात्र पेशंटकडून करून घेऊ नका, ती हात स्वच्छ करताना करा. सॅनिटायझर चोळायला २० ते ३० सेकंद लागतात. तळव्यावर पडतानाचा गारवा, बोटांच्या बेचक्यांत शिरतानाची ओल, मग अंगठे, नखांची टोकं, आणि त्वचा कोरडी पडताना येणारा किंचित ताण. हात पूर्ण सुकेपर्यंत पुढच्या पेशंटला हाक मारायची नाही. दिवसात चाळीस पेशंट असतील तर चाळीस वेळा होतं, आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

त्या तरुणाला परत बोलवा. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि हिमोग्लोबिन केलं नसेल तर करा, चहा-कॉफी किती होते ते विचारा. एका नॉर्मल ईसीजीवर धडधडीची फाइल बंद होत नाही. मग मुंग्या का आल्या ते कागदावर बाण काढून दाखवा, आणि डोळे मिटायला सांगण्यात तुमची घाई झाली हेही त्याला सांगा.