'टॅबू'ला विटाळ म्हणावं का? मंगोल 'त्सेर'च्या निमित्ताने

प्रश्न असा आहे: मंगोलियातल्या भटक्या पशुपालकांवरचा लेख मराठीत आणताना 'टॅबू'साठी, म्हणजे अमुक करू नये अशा रूढ मनाईसाठी, 'विटाळ' लिहावं की 'निषिद्ध'? आणि 'निसर्गपूजा' म्हटलेलं चालेल का?

'विटाळ' नको. आपल्याकडे विटाळ माणसाला चिकटलेला असतो, जातीवरून, सुतकावरून, पाळीवरून. मंगोल नियम बहुतेक कृतीबद्दल आहेत. आगीत कचरा टाकायचा नाही, ती पाणी ओतून विझवायची नाही, तिच्याकडे सुरीचं टोक करायचं नाही की पाय पसरायचे नाहीत. वाहत्या पाण्यात घाण करायची नाही. 'गेर' म्हणजे त्यांचं तंबूघर. त्याच्या उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. 1254 मध्ये मोंगके खान या मंगोल सम्राटाच्या भेटीला गेलेल्या रुब्रुक या पाद्र्याच्या सोबत्याचा पाय उंबऱ्याला लागला, तर चौकशी झाली. नियम माहीत नव्हता म्हणून तो सुटला, पण त्याला पुन्हा खानाच्या दारात येऊ दिलं नाही. बायकांनी काही पवित्र डोंगर चढायचे नाहीत, हा नियम मात्र तिथेही आहे आणि तेवढ्यापुरता 'विटाळ' फार दूर राहत नाही, हे मान्य करायला हवं.

'निषिद्ध' चूक नाही, पण त्याला शास्त्राचा आणि सरकारी फलकाचा वास येतो. घोडीचं दूध काढणारी बाई तसं बोलणार नाही.

मंगोल शब्द आहे 'त्सेर', आणि त्याचं क्रियापद 'त्सेरलेख'. पोटाच्या दुखण्यात तेलकट टाळणं हेही त्सेरलेख, आणि साथीत माणसं वेगळी ठेवणं म्हणजे 'खोरिओ त्सेर', विलगीकरण. म्हणून माझं मत 'पथ्य' या शब्दाला. पथ्य पाळायचं असतं, मोडलं तर बाधतं आणि ते सांगायला पोलीस लागत नाही. तारवगा नावाच्या बिळातल्या प्राण्याचं (मार्मोटचं) मांस तिथे आवडीने खातात, पण त्याच्या काखेजवळचा एक तुकडा काढून टाकतात. त्याला 'खुन माख' म्हणजे माणसाचं मांस म्हणतात. कथा अशी की सात सूर्यांपैकी सहा पाडणारा एर्खी मेर्गेन हा तिरंदाज सातवा चुकल्यावर तारवगा झाला. याच प्राण्यापासून प्लेग होतो हेही लक्षात घ्या. बायान-उल्गी प्रांतात 2019 मध्ये त्याचं कच्चं मांस खाऊन एक जोडपं दगावलं आणि तो भाग खोरिओ त्सेरमध्ये गेला. एकाच शब्दाच्या दोन टोकांत कथा आणि साथ अशी बसलेली आहे.

बोलण्यातलं पथ्य तर आपल्याला नवीन नाही. आपण दिवा विझवत नाही, 'मालवतो'. बांगडी फुटत नाही, 'वाढते'. रात्री साप म्हणत नाही, 'लांबडं' म्हणतो. मंगोल गुराखी लांडग्याचं नाव टाळून 'खेरीन नोखोई', म्हणजे माळावरचा कुत्रा, असं म्हणतो. पवित्र डोंगर समोर दिसत असेल तर त्याचंही नाव घेत नाहीत, 'खैरखान' म्हणतात. हे आदराचं नाव आहे, 'कृपाळू' या अर्थाच्या जवळचं.

'निसर्गपूजा' मला खटकतं. सबंध निसर्गाला हात जोडणारं तिथे कोणी नाही. हा डोंगर, हा झरा, असं ठरावीक ठिकाण असतं आणि त्याला मालक असतो. या मालकांना 'लुस-सावदग' म्हणतात. ही जोडी तिबेटीतून आली. त्यातला 'लु' म्हणजे संस्कृत ग्रंथांच्या तिबेटी भाषांतरात 'नाग'साठी वापरलेला शब्द, आणि 'सावदग' म्हणजे भूमीचा धनी. कोकणातला 'राखणदार' इथे अगदी चपखल बसतो. 'आत्मा' किंवा 'भूत' लिहून अर्थ घालवू नका.

'ओवो' मात्र तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'खिंडीत किंवा माथ्यावर रचलेली दगडांची रास' एवढं सांगून. तिच्याभोवती उजवीकडून तीन फेऱ्या घालतात, दगड ठेवतात, 'खदग' म्हणजे निळं रेशमी वस्त्र बांधतात. घाईतला ट्रकवाला नुसता हॉर्न वाजवून पुढे जातो. फेऱ्यांना 'प्रदक्षिणा' बिनधास्त लिहा, दिशाही तीच आहे. 'देवराई' मात्र लिहू नका, कारण बहुतेक ओवोंपाशी झाड नसतंच.