सिव्हिलायझेशन ६ मध्ये पहिल्या पन्नास टर्नमध्येच शेजाऱ्यावर हल्ला करावा का?

सिव्हिलायझेशन ६ या संगणकावरच्या, टर्नटर्नने (पाळीपाळीने) साम्राज्य उभारण्याच्या खेळाबद्दल आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: एवढ्या लवकर शेजाऱ्यावर चालून जावे का, आणि सहा वॉरियर (साधे पायदळ) नेऊनही शहर का पडत नाही. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘होय, जावे’ असे आहे. दुसऱ्याकडे मी येईनच; परंतु ‘मित्र म्हणतात, हा रडीचा डाव आहे’ असे जे वाक्य आपण प्रश्नाच्या शेवटी सहज लिहिले आहे, ते वाचून मला राहवले नाही. हेच शब्द माझ्या मावसभावाने २०२० साली मला ऐकवले होते आणि ते त्याने आजतागायत मागे घेतलेले नाहीत.

त्या वर्षी मे महिन्यात एपिक गेम्सने हा खेळ आठवडाभर फुकट दिला होता. टाळेबंदीत घरी अडकलेल्या आम्ही तिघांनी तो उतरवून घेतला: सांगलीला दादा (हाच तो मावसभाऊ), त्याच्याच घरात शेजारच्या खोलीत त्याची नववीतली मुलगी, आणि ठाण्याला मी. रात्रीची जेवणे आटोपली की फोन स्पीकरवर ठेवून आम्ही खेळायला बसत असू. मी रोम घेतले होते, भाचीने सुमेर आणि दादाने गांधींचा भारत. या खेळात गांधींचा कल धर्माकडे असल्यामुळे दादाने पहिल्या दिवसापासून स्टोनहेंज या वास्तूचा ध्यास घेतला, कारण ते पूर्ण झाले की धर्म स्थापन करणारा ग्रेट प्रॉफेट आयता मिळतो. स्टोनहेंजला १८० उत्पादन (शहराचे बांधकामाचे गुण) लागते. तेवढ्यात तीन आर्चर (धनुर्धारी) तयार होतात, हे मी त्याला खेळ सुरू असतानाच सांगितले होते. त्यावर ‘तू तुझे बघ’ असे उत्तर मिळाले.

म्हणून मी माझे बघितले. एका रानटी टोळीचा वॉरियर माझ्या स्लिंगरच्या (गोफणवाल्याच्या) दगडाने मेला आणि आर्चरीचा युरेका, म्हणजे तो शोध लवकर लागण्याची सवलत, मिळाला. (शेवटचा घाव स्लिंगरचाच हवा, वॉरियरने मारल्यास युरेका मिळत नाही, आणि ही चूक मीही दोनदा केलेली आहे.) स्लिंगर ३५ उत्पादनात होतो, आर्चरला ६० लागतात, त्यामुळे आधी स्लिंगर करून ठेवावेत आणि साठवलेले सोने देऊन नंतर त्यांचे आर्चर करावेत, हाच शहाणपणाचा मार्ग आहे. क्राफ्ट्समनशिप ही सामाजिक प्रगती झाल्यावर अगोगे या धोरणाचे कार्ड घातले की असे सैन्य निम्म्याने अधिक वेगाने उभे राहते. माझ्या स्काउटने (टेहळ्याने) दादाची राजधानी पाहिली तेव्हा तिथे एकच वॉरियर होता. स्टोनहेंजसाठी लागणारा दगड नकाशावरच्या शेजारच्या घरात तसाच पडून होता. त्यावर त्याने खाण केली असती, तर मेसनरीचा (दगडी बांधकामाच्या शोधाचा) युरेका मिळून ८० उत्पादनात भिंत उभी राहिली असती. त्याने बिल्डरकडून शेते करून घेतली होती.

भिंत नसलेले शहर या खेळात बाण मारू शकत नाही, आणि सुरुवातीच्या युद्धाचा सगळा हिशेब याच एका गोष्टीवर उभा आहे. आपल्या हाती आर्चर आल्यापासून समोरच्याची भिंत उभी राहीपर्यंत जी दहा-पंधरा टर्नची फट असते, तिच्यातून आत शिरायचे असते. दादा अजूनही म्हणतो की, त्याचे वरू हत्ती (भारताची खास तुकडी) आले असते तर माझी धूळधाण उडाली असती. ते खरेच आहे. वरूची ताकद ४० आणि आर्चरच्या बाणाची २५. शिवाय वरूच्या शेजारी उभ्या असलेल्या शत्रूची ताकद पाचने घटते. म्हणूनच मी हत्ती येण्याची वाट पाहिली नाही.

आता दुसरा प्रश्न. दोन्ही बाजूंची ताकद सारखी असेल तर एका घावात साधारण ३० नुकसान होते. दहाचा फरक पडला की एकाला सुमारे ४५ आणि दुसऱ्याला २० लागतात. आपले वॉरियर शहरावर धडकतात तेव्हा प्रत्येक वेळी स्वतःही मार खातात, आणि शत्रूच्या हद्दीत विश्रांती घेतली तरी टर्नला जेमतेम ५ भरून निघतात. (घायाळ वॉरियरला एखादे शेत लुटायला लावावे, एका फटक्यात ५० परत मिळतात.) शहराचे आरोग्य २०० असते आणि पूर्ण वेढा पडलेला नसेल तर ते टर्नला २० भरून काढते. त्यात आपण लिहिता त्याप्रमाणे भिंत आधीच उभी असेल, तर वॉरियरच्या घावाचा फारच थोडा अंश तिला लागतो. मेसनरीतून मिळणारा बॅटरिंग रॅम (भिंत फोडणारा ओंडका) सोबत नसेल, तर अशा शहराच्या वाटेला जाऊच नये.

आपल्याकडे आर्चर नव्हते. माझी चूक नेमकी उलटी होती. चार आर्चर आणि एकच वॉरियर घेऊन मी अडतिसाव्या टर्नला दादाच्या राजधानीपाशी पोहोचले. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला टेकड्या. एका घरात एकच तुकडी मावते आणि टेकडीवर चढायला पुरेशी चाल शिल्लक नसेल तर पायथ्याशीच थांबावे लागते, त्यामुळे पहिल्या टर्नला दोनच आर्चरना नेम धरता आला. शहरावर मारताना आर्चरची ताकद १७ ने घटते. दोघांनी मिळून जे तोडले त्यातला मोठा भाग शहराने लगेच भरून काढला. पुढच्या टर्नला चौघेही जागेवर आले, आकडा झरझर उतरू लागला आणि मला धीर धरवला नाही. मी वॉरियर नदी ओलांडून भिडवला (नदीपलीकडून हल्ला केला की ताकद घटते) आणि तो मेला. त्यानंतर एकेचाळिसाव्या टर्नला शहराचे आरोग्य तळाला गेलेले, भोवती माझे चार धनुर्धारी, आणि आत शिरायला कोणीही नाही. आर्चर शहर जिंकू शकत नाही आणि त्याच्यामुळे वेढाही पडत नाही, हे मला ठाऊक होते; ठाऊक असणे निराळे आणि भाची फोनवर खिदळत असताना ते समोर पाहणे निराळे.

दुसरा वॉरियर घरून यायला तीन टर्न लागले. तेवढ्या अवधीत दादाने काय करायला हवे होते, हे मी आजही सांगेन: स्टोनहेंज बाजूला ठेवून एक स्लिंगर करायचा आणि नदीच्या वाटेवर त्याला उभा करायचा. त्याने ते केले नाही, कारण स्टोनहेंजला पाचच टर्न उरले होते, मग चार, मग तीन. चव्वेचाळिसाव्या टर्नला माझा वॉरियर आत शिरला तेव्हा दोन उरले होते. दादाने ‘हा रडीचा डाव आहे, तुझे नेट फास्ट आहे म्हणून तुझी चाल आधी पडते’ असे म्हणून लॅपटॉप मिटला आणि त्याच्या दुसऱ्या शहराचा कारभार संगणकाकडे गेला. सर्वांच्या चाली एकाच वेळी व्हाव्यात हा आग्रह त्याचाच होता, आणि तीन टर्न माझे आर्चर त्याच्या दारात नुसते ताटकळत असताना नेटचा वेग माझ्या काय कामाचा होता, हे त्याने मला अद्याप समजावून सांगितलेले नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. आपण प्रिन्स या मध्यम पातळीवर खेळता. तिथे संगणकही आपल्यासारखाच एक सेटलर (नवे शहर वसवणारी तुकडी) आणि एक वॉरियर घेऊन सुरुवात करतो, म्हणून चार आर्चर आणि किमान दोन वॉरियर पुरतात. डेइटी या सर्वांत अवघड पातळीवर त्याच्याकडे तीन सेटलर, पाच वॉरियर आणि वर प्रत्येक लढाईत ताकदीत चारची बढती असते; तिथे हे गणित जसेच्या तसे लागू करू नये. शेजारी समुद्रापलीकडे असेल किंवा राजधानी दहा-बारा घरांहून दूर असेल, तर माझ्या मते सेटलर करावेत आणि हा नाद सोडावा.

आणखी एक गोष्ट मी सांगायची टाळत होते. दादाची राजधानी घेण्याच्या नादात मी घरी एकही तुकडी ठेवली नव्हती. सुमेरचा वॉर-कार्ट (युद्धगाडा) पहिल्या टर्नपासून मिळतो, त्याला कोणताही शोध लागत नाही आणि त्याची ताकद ३० असते. सेहेचाळिसाव्या टर्नला भाचीने विचारले, ‘आत्या, तुझ्या दुसऱ्या शहरात कोणीच नाही का?’ मला वाटले, ती सहज विचारते आहे. दोन वॉर-कार्टनी दोन टर्नमध्ये ते शहर घेतले. दादा एव्हाना तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला असावा, कारण स्पीकरवरून त्याचाच आवाज आला: ‘आता हा कोणाचा डाव?’ मी तेव्हाही म्हटले होते आणि आजही म्हणते की, पोरीने अगदी बरोबर केले.