माठ पाझरतोय, बदलून घेऊ का?

प्रश्न : ताई, बेळगावच्या बाजारातनं खानापूरचा माठ आणला. आठ दिवस झाले तरी बाहेरून ओलाच असतो, खाली पाणी साचतं. जाऊबाई म्हणतात कच्चा भाजलाय, त्यापेक्षा चिनी मातीचं भांडं घ्या. आतून रोगण मारलं तर थांबेल का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : रोगण अजिबात मारू नका. माठ पाझरतो म्हणून तर पाणी गार होतं. अंगातून झिरपलेलं पाणी वाऱ्यावर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाणी उडायला सुमारे ५८० कॅलरी लागतात, त्यातली बरीचशी आतल्या पाण्यातून येते. म्हणून माठ वारा लागेल अशा जागी, वाळूवर ठेवा. पावसाळ्यात खानापूरकडची हवाच इतकी ओली असते, की तिथला माठही पाणी गार करत नाही.

जाऊबाईंची शंका मात्र तपासून बघा. माठ रिकामा करून चांगला वाळवा आणि बोटाच्या पेरानं वाजवा. खणखणीत वाजला तर भाजणी उत्तम. बद्द वाजला, किंवा सगळ्या अंगाला ओल न येता एकाच जागी थेंब धरत असेल, तर चीर आहे, खुशाल बदलून घ्या.

खानापुरात मी कुंभारकाम शिकले. खादी ग्रामोद्योग आयोगाची प्रशिक्षण संस्था तिथंच आहे. पण माठ कसा होतो ते मला कळलं कुंभार मामांच्या अंगणात. चाकावर होतो तो फक्त गळा आणि जाड भिंत, तळ उघडाच. तो सावलीत सुकू देतात. बोट लावलं तर ठसा उमटावा पण माती चिकटू नये, एवढाच. मग मामा आतून दगडी गोटा धरतात, बाहेरून लाकडी थापटणं मारत माठ फिरवतात आणि भिंत पातळ होत होत तळ मिटत येतो. गोरोबाकाकांच्या गोष्टीतलं थापटणं ते हेच. मातीत मिसळलेली लीद आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, जळून जाते आणि बारीक छिद्रं मागे राहतात. तुमचा माठ पाझरतो तो या छिद्रांतून.

चिनी मातीचं किंवा स्टोनवेअरचं भांडं १२०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर भाजतात. आव्याची आच त्याहून बरीच कमी. त्या भांड्याचं अंग घट्ट होतं, वर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा गुळगुळीत थर, असते. लोणचं, ताक, चिंचेचं सार त्यात ठेवा, पाणी काही गार व्हायचं नाही. आंबटासाठी घेताना ग्लेझमध्ये शिसं नाही ना, हे विचारूनच घ्या. मी दोन्ही प्रकारची भांडी करते आणि दोन्ही मला प्रिय आहेत. पण प्रदर्शनात हातानं घडवलेल्या कपाला आपण कौतुकानं पैसे मोजतो आणि बाजारात माठवाल्या आजीशी दहा-वीस रुपयांवरून हुज्जत घालतो, याचं मला फार वाईट वाटतं. माठाला हात कमी लागलेले नसतात.

माठाला साबण लावू नका, छिद्रांत मुरतो आणि पाण्याला वास येतो. नारळाच्या शेंडीनं नुसता घासा. पुढे पाझर कमी झाला, तर छिद्रांत क्षार बसलेत असं समजा आणि नवा घ्या. साचणाऱ्या पाण्यासाठी तूर्त खाली परात ठेवा.