गाडी उघडण्याआधी वही उघडा : जुन्या फियाटची प्रश्नोत्तरे

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी एकाच गाडीचे प्रश्न निवडले आहेत. गाडी म्हणजे फियाट ११००, मुंबईकरांची ‘डुक्कर फियाट’. जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात ती १९५३ साली लोकांसमोर आली आणि पुढच्याच वर्षी, वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आपल्या रस्त्यांवर उतरली. शेतावरच्या शेडमध्ये, बंद बंगल्याच्या पोर्चमध्ये अशा गाड्या अजून सापडतात, आणि त्या पुन्हा चालत्या करायला निघालेली तरुण मंडळी पाहिली की मला मनापासून आनंद होतो.

आजोबांची १९५६ची फियाट शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी आहे. इंजिन जाम आहे. मेकॅनिक म्हणतो, ट्रॅक्टरने ओढून गिअरमध्ये टाकू, आपोआप सुटेल. पुढच्या आठवड्यात गॅरेजला न्यायची आहे. काय काळजी घ्यावी? (सांगली)

ट्रॅक्टरने ओढू नका. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटलेल्या असतात. झटका बसला की रिंग तुटते, चिकटलेला व्हॉल्व्ह असेल तर पुशरॉड वाकतो, आणि हजारात भागणारं काम लाखाकडे सरकतं. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल समप्रमाणात मिसळून थोडं ओता आणि काही दिवस तसंच राहू द्या. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडलने इंजिन हळूहळू पुढे-मागे हलवून पाहा. नाहीच हललं तर हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवावं लागेल. या इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा आहे. स्टडच्या भोवती क्षार साठून हेड घट्ट बसलेलं असतं, म्हणून मध्ये स्क्रू-ड्रायव्हर खुपसून उचकटू देऊ नका. बसणीचा पृष्ठभाग एकदा चरला की तो सरळ करायला हेड घासावं लागतं.

पण तुमच्या पत्रातलं ‘पुढच्या आठवड्यात’ वाचून मला खरी काळजी वाटली. गाडी शेडमधून हलवण्याआधी तिची नोंद करा. जीर्णोद्धाराचं अर्धं काम तिथेच होतं, आणि ते पुन्हा करण्याची संधी मिळत नाही. गाडी आहे तशी, धुळीसकट, चारही बाजूंनी आणि खालून फोटोत घ्या. बॉनेट उघडून प्रत्येक वायर कुठून कुठे जाते, कोणत्या क्लिपेत अडकवली आहे, ते जवळून टिपा. मीटरवरचे किलोमीटर, टायरवरची अक्षरं, काचेवरचे स्टिकर टिपून घ्या. सीट काढून खाली काय सापडतं ते पाहा. पेट्रोलच्या पावत्या, बॅटरीचं गॅरंटी कार्ड, देवस्थानाची पुडी, काहीही असो, फेकू नका. त्या पावतीवरच्या तारखेवरून गाडी शेवटची कधी चालली ते कळू शकतं.

सुटे भाग काढताना एक साधी वही जवळ ठेवा. तारीख, काढलेला भाग, त्याचे बोल्ट कोणत्या पिशवीत गेले, कोणी काढला, एवढं पुरे. दाराच्या बिजागरीमागे पत्र्याच्या पातळ चकत्या असल्या तर किती होत्या आणि कोणत्या बाजूला, हे जरूर लिहा. नंतर दार नीट बसेना झालं की तीच ओळ उपयोगी पडते. कुजलेले रबर, फाटलेलं सीट कव्हर, तुटका नॉब हे नवं हाती येईपर्यंत सांभाळायचं. नवीन बीडिंग (कडेची रबरी पट्टी) बनवून घ्यायला तोच कुजका तुकडा नमुना म्हणून द्यावा लागतो. फोटो फक्त मोबाइलवर ठेवू नका, आणखी दोन ठिकाणी ठेवा.

मला गाडी शंभर टक्के ओरिजिनल करायची आहे. सगळे पार्ट इटलीहून मागवायचा विचार आहे. मित्र म्हणतो पद्मिनीचे टाक, तेच आहेत. कोणाचं ऐकू? (पुणे)

बऱ्याच बाबतीत मित्राचं. पद्मिनी म्हणजे याच फियाटची प्रीमियरने पुढे काढलेली आवृत्ती. तुमची गाडी फियाटच्या तुरीनला नाही, कुर्ल्याला तयार झाली. त्या काळात सरकारचं धोरण असं होतं की नुसती जोडणी करणाऱ्यांनी देशात राहू नये, इथे बनवायची तयारी असेल त्यांनीच राहावं. त्या वळणावर जनरल मोटर्स आणि फोर्ड मुंबईतून निघून गेले. जे राहिले त्यांनी बाहेरून आलेल्या भागांच्या जागी टप्प्याटप्प्याने इथले भाग बसवले. म्हणून आपल्या फियाटमध्ये इटालियन आणि देशी भाग शेजारी शेजारी असतात, आणि तेच तिचं अस्सलपण आहे. इटालियन कॅटलॉग पाहून देशी भाग काढून टाकले, तर गाडी तिच्या स्वतःच्या इतिहासापासून लांब जाईल.

यात पैसे वाचवणारी एक माहितीही आहे. पहिल्या ११००चं इंजिन १,०८९ सीसीचं. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५. इटलीत १९६० नंतरच्या ‘११०० डी’मध्ये बोअर ७२ मिलिमीटर झाला आणि इंजिन १,२२१ सीसीचं. आपल्याकडे मात्र १,०८९ सीसीच चालू राहिलं, अगदी पद्मिनीचं उत्पादन थांबेपर्यंत. त्यामुळे परदेशी साइटवर ‘फियाट ११००’ एवढंच वाचून पिस्टन किंवा हेड गॅस्केट मागवलं तर हाती ७२चा माल पडू शकतो. ऑर्डर देण्याआधी बोअर मोजा. पिस्टन, रिंगा, गॅस्केट यांसाठी आधी नाना पेठेतल्या किंवा मुंबईच्या ऑपेरा हाउसकडच्या जुन्या स्पेअरवाल्यांकडे विचारा. तुमचा जुना भाग हातात घेऊन जा, नुसतं नाव सांगून काम होत नाही.

अनेक जुन्या फियाटमध्ये मधल्या काळात पद्मिनीचं अख्खं इंजिन बसवलेलं असतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. मूळ इंजिन मिळालंच तर उत्तम, नाही तर वहीत स्पष्ट लिहा आणि आरसीवर तोच इंजिन नंबर आहे ना, ते पाहा. ऐतिहासिक वाहनांची जागतिक संघटना ‘फिवा’ने २०१२ साली मंजूर केलेल्या तुरीनच्या सनदेचाही रोख हाच आहे : जे टिकलंय ते जपा, बदलावं लागेल तेवढंच बदला, आणि बदललेलं नोंदवून ठेवा. डॅशबोर्डवरचा झिजलेला रंग, आजोबांच्या हाताने गुळगुळीत झालेलं स्टीअरिंग, हे मी तरी नवं करणार नाही.

डेंटरने सांगितलं, सिल कुजलेत, पण आतून पत्रा लावून वरून पुट्टी मारली की दहा वर्षं बघायला नको. खर्चही निम्मा. करू का? (ठाणे)

नको, आणि कारण नीट समजून घ्या. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. तळाचा पत्रा, दोन्ही बाजूंचे सिल (दारांखालचे लांब पोकळ पत्रे) आणि खांब मिळूनच गाडीचा सांगाडा बनतो. सिल कुजला म्हणजे हाडच कुजलं.

जुन्या ११००ची तर खास अडचण आहे. तिची पुढची दारं उलटी उघडतात, म्हणजे त्यांच्या बिजागऱ्या मधल्या खांबावर असतात. मागच्या दारांच्याही तिथेच. एका बाजूच्या दोन्ही दारांचा भार त्या एका खांबावर येतो आणि खांबाचं बूड सिलमध्ये उतरतं. कोकण-मुंबईच्या पावसात पाणी नेमकं तिथेच साठतं. चालत्या गाडीत पुढचं उलटं दार सुटलं तर वारा ते बंद करत नाही, फाडकन उघडतो. म्हणून खांबाच्या बुडाशी पुट्टी ही माणसाच्या जिवाशी तडजोड आहे.

गाडी सपाट जमिनीवर स्टँडवर घ्या. जॅक मधोमध लावू नका. सिल कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडव्या-तिरप्या लोखंडी पट्ट्या टाचून घ्या, नाही तर सांगाडा वाकतो आणि दारं पुन्हा कधीच जुळत नाहीत. एका वेळी एकच बाजू कापायची. तात्पुरतं टाचून दारं बसवून फटी पाहायच्या, आणि मगच पक्कं वेल्डिंग. कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, जुन्यावर नवा चिकटवायचा नाही. खालच्या बाजूची पाणी वाहून जायची भोकं वेल्डिंगमध्ये बुजत नाहीत ना, हे स्वतः वाकून बघा. पुट्टी वाईट नाही, पण ती वरचा हलका खड्डा भरण्यासाठी. पुट्टी मारण्याआधी उघड्या पत्र्याचे फोटो डेंटरकडून मागून घ्या. चांगला कारागीर ते आनंदाने देतो.

मूळ रंग कसा शोधायचा? (नाशिक)

डॅशबोर्डखाली, दाराच्या आतल्या पॅनलमागे, मागच्या सीटखाली बघा. या जागी पुन्हा रंग मारण्याचा आळस बहुतेकांनी केलेला असतो. बाहेरून पाहायचं तर नाण्याएवढ्या जागेवर बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलके घासा. झाडाच्या वर्तुळांसारखे थर उघडे पडतील. सर्वांत खालचा प्रायमर, त्याच्या वरचा मूळ रंग. प्रत्येक थराचा फोटो दिवसाच्या उजेडात घ्या. नवा रंग देताना मेटॅलिक किंवा फार चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) रंग टाळा, त्या काळच्या ड्यूको रंगाची झळाळी मऊ असायची. आणि कुठेतरी, डिकीच्या आत का होईना, हातभर जुना रंग तसाच राहू द्या.

वडील गेले. आरसी बुक सापडत नाही, पाटीवरचा चेसिस नंबर पुसट आहे. गॅरेजवाला म्हणतो, परत ठोकून देतो. (कोल्हापूर)

कोणालाही नंबर ठोकू देऊ नका. हेतू कितीही चांगला असला तरी छेडछाड केलेला नंबर म्हणजे चोरीच्या गाडीची खूण मानली जाते. पेंट रिमूव्हर आणि मऊ ब्रशने रंग काढा, ग्राइंडर लावू नका. कागद ठेवून पेन्सिलची छाप घ्या, तिरप्या उजेडात फोटो काढा. जुन्या विम्याच्या पॉलिसीवर, कर भरल्याच्या पावतीवर नंबर मिळू शकतो, घरातलं कपाट नीट चाळा. आरसी हरवल्याची पोलिसांत नोंद करून फॉर्म २६ भरून दुय्यम प्रत मागायची, वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१. तरीही नंबर वाचता येत नसेल तर निर्णय आरटीओलाच घेऊ द्या.

गाडी पन्नास वर्षांवरची आणि खाजगी वापराची असेल तर २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला पाच हजार. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, त्यामुळे बीएमने सुरू होणारा जुन्या मुंबईचा नंबर असेल तर तो सोडू नका. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल चालत नाही. आणि अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. रोज चालवायची असेल तर नेहमीची पुनर्नोंदणीच बरी.

वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल चालेल का? (छत्रपती संभाजीनगर)

तयारी करून चालेल. इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. पेट्रोलचे सगळे पाइप व्हिटॉन रबराचे घाला, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम बदला, टाकी आतून साफ करून घ्या. इथेनॉल जुना चिकट गाळ सोडवतं, म्हणून सुरुवातीला फिल्टर वारंवार बघावा लागतो. मिश्रण पातळ पडल्याने गाडी खेचत नसेल तर कार्ब्युरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा लावून पाहा. महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा.

आमची फियाट १९७०च्या दशकातच विकली गेली. आता फक्त आठ-दहा फोटो, खरेदीची पावती आणि आईच्या आठवणी आहेत. याचा कोणाला काही उपयोग? (डोंबिवली)

खूप उपयोग आहे. पद्मिनीचं उत्पादन थांबूनही वीस वर्षांहून जास्त काळ लोटला. कोणत्या साली कोणता दिवा, कोणती जाळी, कोणता रंग यायचा, हे आज अशा घरगुती फोटोंवरूनच पडताळून बघावं लागतं. पावतीवर तारीख आणि चेसिस नंबर असेल तर ती त्या वर्षीच्या प्रत्येक गाडीसाठी मोलाची. फोटो ६०० डीपीआयवर, दोन्ही बाजूंनी स्कॅन करा, मागे शाईने लिहिलेलंही सुटू देऊ नका. आईंना बोलतं करताना ‘गाडी कशी होती?’ एवढंच विचारू नका. नाव नोंदवल्यावर गाडी किती वर्षांनी मिळाली, पैसे कसे जमवले, कोण चालवायचं, घाटात पाणी ओतायला कुठे थांबायचात, दुरुस्ती कोणाकडे, विकली तेव्हा घरात काय झालं, असं एकेक विचारा आणि रेकॉर्ड करा. फोटो समोर ठेवलेत तर आठवणी भराभर येतात. नंबर प्लेट दिसणारा फोटो असेल तर तो जुन्या फियाटवाल्यांच्या एखाद्या गटाला जरूर दाखवा, गाडी अजून कोणाकडे उभी असू शकते, आणि त्या मालकाला तुमच्या पावतीची नितांत गरज असेल.